लॅक्स्टनचा बांध आणि आमची उघाडी

"साहेब, त्यानं बांध कोरलाय."

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून चौतीस वर्षं काढली. ठाणे जिल्ह्यात मुरबाडपासून भिवंडीपर्यंत मोजण्या केल्या. हे वाक्य कानावर पडलं नाही असा मोजणीचा दिवस मला आठवत नाही. नांगर वळवताना फाळ बोटभर पलीकडे जातो, पुढच्या वर्षी आणखी बोटभर. पाच-सात वर्षांत दोघं चालतील एवढा बांध एका पावलाचा होतो. मग 'हद्द कायम'चा अर्ज, नोटिसा, पंच, चुना, दगड, आणि शेवटी माझ्या हातची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. ती घेऊनही दोघं भाऊ कोर्टातच जायचे.

ते शब्द निवृत्तीनंतर मागे पडले असं वाटलं होतं. मग गेल्या वर्षी नोव्हेंबरअखेरीला इंग्लंडमधल्या एका शेताच्या कडेला उभा राहून मी तेच पुन्हा पाहिलं, इंग्रजीत.

लेक आणि जावई नॉटिंगहॅमला असतात. मला किल्ल्या-राजवाड्यांची फारशी हौस नाही, हे लेकीला पक्कं ठाऊक. म्हणाली, "बाबा, तुम्हाला एक शेत दाखवते. तुमच्या कामाचं आहे." तासाभरात आम्ही लॅक्स्टनला पोहोचलो. एक चर्च, एक पब, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल विटांची घरं आणि कोठारं. गाव सुरू झालं म्हणेपर्यंत संपलं. आणि घरांच्या पाठीमागे शेत, सगळं उघडं. इंग्लंडात इतरत्र बहुतेक ठिकाणी शेताला झुडपांचं कुंपण असतं, इथे मैलभर नजर अडत नाही.

या उघडेपणात सगळी गोष्ट आहे. मध्ययुगात इंग्लंडच्या बऱ्याच भागांत शेती अशीच होती. गावाची दोन-तीन मोठाली वावरं, आणि त्यांत प्रत्येक घराचे पट्टे विखुरलेले. चांगल्या मातीतला एक, पाणथळीतला एक, चढावरचा एक. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटने हजारो कायदे करून ही वावरं फोडली, कुंपणं घातली, आणि ज्यांचा वाटा तुटपुंजा होता ते शहरांकडे गेले. लॅक्स्टनला ते पूर्ण झालंच नाही. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही तीन वावरं आजही आहेत. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं विसाव्याला, आणि दरवर्षी पाळी फिरते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्टे एकत्र करून मोठे केले.

आम्ही गेलो तो दिवस ज्युरीचा होता. लेकीने तो बघूनच ठरवला होता.

त्या वर्षी ज्या वावरात गहू पेरलाय त्याची पाहणी गावातलेच शेतकरी करतात. बाराजणांची ज्युरी असते, तिचा मुकादम असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लाकडी खुंट्यांचा ढीग टाकून सगळे वावरात उतरतात. आम्ही पायवाटेवर उभे होतो, माझी बोटं हातमोज्यांत बधिर झाली होती. तरी मी हललो नाही. एकजण पट्ट्याच्या या टोकाला उभा, दुसरा त्या टोकाला. या टोकाचा माणूस एक डोळा मिटून खुंटीवरून पलीकडच्या खुंटीकडे बघतोय. हाताने खूण करतोय, जरा डावीकडे, अजून जरा, बस्स. मग लाकडी हातोड्याचे तीन ठोके. चिखलाचा तो ओला, जड आवाज. मी झेंड्या लावून हेच करत होतो, वाड्यात, शहापुरात, अंबरनाथला. डोळा मिटायची पद्धतसुद्धा तीच.

कोणाचा नांगर गवताच्या पट्टीत घुसला असेल तर मुकादम वहीत टिपून घेतो. या गवताच्या पट्ट्यांना तिकडे 'साइक' म्हणतात. सखल भागात पाणी वाहून जायला त्या मोकळ्या सोडलेल्या असतात, त्यांना नांगर लावायचा नाही. दुपारी सगळे 'डव्हकोट' नावाच्या पबमध्ये जेवतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच गावात न्यायालय भरतं, त्याला 'कोर्ट लीट' म्हणतात. ज्याने बांध कोरला त्याला तिथे दंड. १९७७ च्या एका कायद्याने इंग्लंडातल्या असल्या जुन्या गावकी न्यायालयांचे अधिकार जवळपास संपले, पण लॅक्स्टनचं राखलं गेलं. दंडाची रक्कम किरकोळ असते. पण शेजाऱ्यांसमोर आपलं नाव वाचलं जाणं कोणाला आवडेल?

चौतीस वर्षं मी जे भांडण कागदावर मिटवायचा प्रयत्न केला, ते या गावाने कागदावर जाऊच दिलं नाही. दरवर्षी एक दिवस सगळ्यांनी मिळून चिखलात चालायचं, एवढाच त्यांचा उपाय आहे. मला हे आधी कोणी शिकवलं असतं तर, असं त्या पायवाटेवर वाटलं. लेकीला बोललो नाही, ती फोटो काढत होती.

पबशेजारच्या छोट्या माहिती केंद्रात एका नकाशाची प्रत लावलेली आहे. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मार्क पियर्सने तो १६३५ साली काढला. त्यात गावातला पट्टा न् पट्टा काढलाय आणि तो कोण कसतं ते टिपलेलं आहे. मधेमधे बारीक चित्रं आहेत. नांगर धरलेला माणूस, कापणी करणारी माणसं, शिकारी, कुत्री. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. लेक एकदा येऊन गेली, दोनदा येऊन गेली. शेवटी तिने चहाच आणून दिला.

हा नकाशा काढवून घेणारा माणूस होता सर विल्यम कोर्टेन, लंडनचा व्यापारी. लॅक्स्टनची जहागीर त्याने विकत घेतली होती. ते नाव मला कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं, घरी येऊन पाहिलं आणि अंगावर काटा आला. त्याच १६३५ सालात पहिल्या चार्ल्स राजाने कोर्टेनच्या मंडळीला ईस्ट इंडिया कंपनीच्या उरावर पूर्वेकडे व्यापार करायचा परवाना दिला. त्यांची जहाजं १६३६ साली निघाली ती गोव्याला आली, आणि कारवारला इंग्रजांची पहिली वखार याच मंडळीने घातली. त्या वेळी आमच्या घणसोलीच्या खाडीपलीकडे साष्टी बेटावर, ठाण्यात पोर्तुगीज बसलेले होते. ज्या पैशाने लॅक्स्टनच्या शेतकऱ्यांचे पट्टे मोजले गेले, त्याच पैशाची जहाजं आमच्या किनाऱ्याला लागली. त्या नकाशासमोर बसताना मी स्वतःला पाहुणा समजत होतो, तो मी तेवढा नव्हतो.

मोजणीदाराच्या कामाची आणखी एक गोष्ट सांगतो. इंग्रजांची गुंटरची साखळी ६६ फुटांची. ती १६२० च्या सुमाराची, म्हणजे या नकाशाच्या थोडी आधीची. एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब म्हणजे एक एकर. त्या दहा साखळ्यांच्या लांबीला इंग्रजीत 'फर्लांग' म्हणतात, म्हणजे एका दमात नांगराने काढायचं लांबलचक तास. आपल्याकडे मुंबई इलाख्याची पाहणी झाली तेव्हा साखळी निम्मी केली, ३३ फुटांची, आणि तिचे सोळा आणे पाडले. मी नोकरीला लागलो तेव्हा शंकू-साखळीचीच मोजणी शिकलो, आणि जुन्या टिपणांवर मापं आण्यांतच आहेत. ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, आपला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. घणसोलीतला माझा आजा गुंठे म्हणायचा तेव्हा लॅक्स्टनच्या नांगराची लांबीच त्यात बोलत होती. हे मी त्या दिवशी जावयाला रस्ताभर सांगत होतो. त्याने गाडी चालवत मनापासून ऐकलं, भला माणूस आहे.

चर्च सेंट मायकेलचं. आत एव्हरिंगहॅम घराण्याच्या माणसांच्या झोपलेल्या मूर्ती आहेत. त्यात अ‍ॅडम द एव्हरिंगहॅमच्या दुसऱ्या बायकोची मूर्ती ओकच्या लाकडात कोरलेली, बाकीच्या दगडाच्या. लाकडाला चिरा गेल्यात, चेहरा झिजून गुळगुळीत झालाय. जवळ गेलो तर हाताची बोटं मात्र अजून वेगळी ओळखू येतात.

ती श्रीमंताघरची, म्हणून मूर्ती. गरिबांचं नाव राहिलं ते नोंदवहीत. १५३८ साली, आठव्या हेन्रीच्या काळात, थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख, लहान असेल तर आपल्या एखाद्या गावाएवढा. १५९८ साली आदेश निघाला की कागदावरच्या जुन्या नोंदी चामड्याच्या पानांवर उतरवून घ्या. आणि १६०३ च्या नियमांनुसार वही ठेवायची ती तीन कुलपांच्या पेटीत, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दोन गावच्या दोन कारभाऱ्यांकडे. तिघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायची नाही. तलाठ्याच्या दप्तराला असं काही असतं तर किती फेरफार सुधारावे लागले नसते, असं माझ्या मनात आलं.

स्मशानात एक म्हातारबाबा दगडावरचं शेवाळ ब्रशने घासत होते. लेकीने ओळख करून दिली, माझे वडील भारतात जमिनी मोजायचे म्हणून. त्यांचा चेहराच बदलला. बायकोच्या माहेरची माणसं त्या ओळीत पुरलेली होती. त्यांनी स्वतः नोंदवह्यांतून मागे मागे जात तिचं घराणं शोधून काढलं होतं, वीस वर्षं लागली म्हणाले. १७५४ पासून लग्नाची नोंद छापील नमुन्यात होऊ लागली आणि नवरा-बायकोने त्यात सही करायची असे. तिच्या एका पूर्वजाने सहीच्या जागी फुली मारली आहे आणि त्याच्या बायकोने मात्र पूर्ण नाव लिहिलंय, माहेरच्या आडनावासकट. "लिहायला तिला येत होतं," ते दोनदा म्हणाले. दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईचा त्यांना एवढा अभिमान! मग त्यांनी आणखी एक सांगितलं. घराण्यातल्या एकाला गावच्या न्यायालयात दंड झाला होता, शेजाऱ्याच्या पट्ट्यात नांगर घातला म्हणून. मी लेकीला म्हणालो, "त्यांना सांग, याला आम्ही बांध कोरणं म्हणतो." तिने सांगितलं. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा घोळवला, ध त्यांना जमेना.

त्या रात्री झोप आली नाही.

आपल्याकडे अशी वही आहे, नाही असं नाही. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, त्यात जन्म आणि मृत्यू. ओबीसी जातीच्या दाखल्याला १९६७ पूर्वीचा पुरावा हवा म्हणून लोक आज त्याच्याच नकला काढत फिरतात. मी आमच्या घराच्या नोंदी काढल्या तेव्हा आज्याच्या धाकट्या बहिणीच्या जन्मापुढे 'मुलगी' एवढंच मिळालं. बाप कोण ते आहे, तिचं नाव नाही. ती नांदायला गेली तेव्हा सासरी नवीन नाव पडलं असणार, आडनाव तर बदललंच. म्हाताऱ्यांच्या तोंडी ती 'उरणची आत्या'. इंग्रजांच्या त्या वहीत बाईचं माहेर तरी सापडतं, उरणच्या आत्येकडे पोहोचायला मला वाटच नाही.

आणि जमीन? आमची जमीन खाजणात होती. ज्यांनी खाडीकाठची शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भरतीचं पाणी येतं तिथे चिकणमाती आणि दगडांचा लांब बांध घालायचा. बांधात लाकडी दाराची उघाडी. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर. दोन-तीन पावसाळ्यांत जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की भात. खाऱ्या जमिनीत तग धरणारं, काळा रता. त्याचा तांबूस भात आणि निवट्यांचं कालवण ही माझ्या लहानपणाची जिभेवरची चव.

त्या बांधाला एकट्याचा मालक नव्हता. पावसाआधी घरटी एक माणूस बांधावर. ज्याचं शेत पार आत, गावाच्या कडेला, त्याचाही माणूस यायचा, कारण बांध फुटला तर खारं पाणी काही सर्व्हे नंबर बघून थांबत नाही. आजा मला खांद्यावर घेऊन न्यायचा. पुरुष रांगेने चालायचे, पायाने दाबून बघायचे, खेकड्यांची भोकं शोधायचे. भोक दिसलं की तिथल्या तिथे चिखलाचा गोळा आणि वर टाच. उघाडीच्या दाराची फळी कोण बदलणार ते तिथेच उभ्या उभ्या ठरायचं. आमचा ज्युरीचा दिवस तो. फक्त कोणी त्याला नाव दिलं नाही की वही ठेवली नाही.

१९७० नंतर नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये पाच जण हुतात्मा झाले, त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची योजना आली. हे सगळ्यांना माहीत आहे, मी नव्याने काय लिहू. मी त्याच सुमारास सरकारी नोकरीत लागलो, आणि दुसऱ्यांच्या जमिनी मोजत आयुष्य काढलं. आपल्या जमिनीवर सेक्टर आखले जाताना बघत होतो तेव्हा एक गोष्ट सुचली नाही. सातबाऱ्यावर सर्व्हे नंबर होता, हिस्सा होता, आकार होता. शेताचं नाव नव्हतं.

शेतांना नावं होती. आमची तीन खाचरं, लांबोडी, चिंचेची आणि धाकटी. चुलत्यांची 'बामणाची', ती तशी का हे कोणालाच माहीत नाही. खाडीच्या कडेची 'मधली', तीही कशाच्या मधली ते कळत नाही, म्हणजे तिच्या पलीकडेही कधीतरी शेत असणार आणि ते समुद्राने नेलं असणार. लॅक्स्टनच्या नकाशात मार्क पियर्सने जे लिहून ठेवलं ते हेच. त्याच्या मालकाला भाडं वसूल करायचं होतं, प्रेमापोटी नाही लिहिलं त्याने. तरी लिहिलं.

इंग्लंडहून आल्यावर जानेवारीत मी जुना ट्रेसिंग पेपर काढला, गावाच्या जुन्या नकाशाची प्रत समोर ठेवली आणि गावठाणातल्या तीन म्हाताऱ्यांना घरी बोलावलं. सगळ्यात मोठे चौऱ्याऐंशीचे, माझे चुलत काका. बायकोने चहा आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या. पहिला तास कोणी काही बोलेना, नकाशा कळेना. मग मी नकाशा बाजूला ठेवला आणि विचारलं, "काका, घरातून निघून बांधावर जायचं तर पहिलं शेत कोणाचं?" आणि ते सुरू झाले. डोळे मिटून, बोटाने हवेत वाट काढत. हे अमक्याचं, मग वळण, मग पाणंद, मग तिथे चिंच. मी लिहीत होतो. दुपारपर्यंत एकेचाळीस नावं झाली. त्यातलं एक शेत एका आजीच्या नावाने होतं. तिला माहेरहून मिळालेलं, आणि तिचं माहेरचं नाव काकांना माहीत होतं.

उघाडी कुठे होती यावरून मात्र दोघांचं जुळेना. काका म्हणत चिंचेच्या सरळ रेषेत, दुसरे म्हणत आणखी उत्तरेला, मिठागराच्या बाजूला. आवाज चढले. रिक्षा बोलावली, तिघांना बसवलं, आणि आम्ही खाडीकडच्या इमारतींच्या मागे गेलो. तिवरांमधून जुन्या बांधाचा एक तुकडा अजून दिसतो, पन्नास-साठ पावलं असेल. वरून गवत माजलंय, कोणीतरी राडारोडा आणून टाकलाय. ओहोटी होती.

काका काठी टेकत बांधावर चढले, मी हात धरला तर झटकला. थोडं चालले, थांबले, पायाने दाबून बघितलं. परत दोन पावलं मागे आले. मग काठीचं टोक चिखलात रोवलं आणि आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाले, "घे लिहून. इथंच."

दुसऱ्या म्हाताऱ्याने काठीच्या पलीकडे डोळा मिटून पाहिलं, गावाच्या देवळाच्या कळसाशी रेषा जुळवली, आणि मान डोलावली.